लायसन्स गेलं, पण चूक कोणाची?

हा एपिसोड वाचत असाल तर निवांत वाचा. ऐकत असाल, आणि त्यातही गाडी चालवताना ऐकत असाल, तर एक विनंती: फोन हातात घेऊ नका. तेवढ्या एका कारणावरून लायसन्स तीन महिन्यांसाठी जाऊ शकतं. आज त्याचीच गोष्ट आहे, म्हणजे लायसन्स जाण्याची आणि परत मिळवण्याची.

सुरुवात घरातूनच करतो. माझा मामा छोटा हत्ती चालवतो. टोमॅटो, कोथिंबीर, फ्लॉवर, जे असेल ते शेतातून मार्केटला. मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी जोराचा पाऊस लागला होता, आणि रस्त्याच्या कडेला शेतमजूर बायका भिजत उभ्या होत्या. मामानं चौघींना मागे हौद्यात बसवलं. पुढच्या नाक्यावर गाडी अडवली. मालवाहू गाडीत माणसं! लायसन्स ताब्यात घेतलं, हातात पावती आली, आणि काही दिवसांनी घरी एक कागद आला: 'कारणे दाखवा नोटीस'. तुमची अनुज्ञप्ती निलंबित का करू नये, याबाबत आपले म्हणणे समक्ष किंवा लेखी सादर करावे. (अनुज्ञप्ती म्हणजे लायसन्स. हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा कळतो तो ते जायच्या वेळेला.)

मामीनं त्या नोटिशीचा फोटो काढून मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. 'बघ रे काय आहे.' मी त्या दिवशी एका एपिसोडचं एडिटिंग करत होतो. फोटो उघडलाही नाही. अंगठा दाखवला आणि विसरलो.

मामानं एका एजंटाला विचारलं, तो म्हणाला, "काही होत नाही." नोटीस कॅलेंडरच्या मागे गेली. सुनावणीला कोणीच गेलं नाही. तीन महिने लायसन्स गेलं, गाडीवर रोजंदारीनं दुसरा ड्रायव्हर ठेवावा लागला, आणि हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता कापला जात होता. मी नंतर मामाला विचारलं, "तू गेला का नाहीस?" तो म्हणाला, "चूक तर झालीच होती. मग साहेबासमोर जाऊन बोलायचं काय?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. चूक झाली असेल किंवा नसेल, लायसन्स काढून घ्यायच्या आधी माणसाचं ऐकून घेणं म्हणजे नक्की काय? आणि ऐकून घेतलं तरी काय ऐकायचं? शोधता शोधता मी पोचलो १९६८ सालच्या अमेरिकेत. चला, तिकडे जाऊ.

अमेरिकेच्या दक्षिणेला जॉर्जिया नावाचं राज्य आहे, राजधानी अटलांटा. तिथे बेल नावाचे एक धर्मोपदेशक होते. त्यांच्याकडे एक नाही, तीन खेड्यांतल्या वस्त्या होत्या. एका ठिकाणची प्रार्थना आटोपायची आणि गाडी काढून दुसऱ्या ठिकाणी जायचं. ग्रामीण जॉर्जियात बस-बिस काही नाही. गाडी नाही तर काम नाही, इतकं सरळ.

२४ नोव्हेंबर १९६८, रविवारची दुपार. पाच वर्षांची एक मुलगी सायकलवरून आली आणि बेल यांच्या गाडीच्या बाजूला येऊन धडकली. नीट ऐका, गाडी मुलीला धडकली नाही, सायकल गाडीच्या कुशीला धडकली. मुलीला बरंच लागलं. तिच्या आईवडिलांनी राज्याच्या सुरक्षा खात्याकडे अपघाताचा अहवाल दिला आणि नुकसान ५,००० डॉलरचं लिहिलं. तेव्हा डॉलर साडेसात रुपयांना होता, म्हणजे आपल्या हिशेबात साडेसदतीस हजार रुपये. १९६८ मध्ये! तेवढ्यात आपल्याकडे घर झालं असतं.

बेल यांच्या गाडीचा विमा नव्हता. इथे तुम्ही म्हणाल, विमा नाही म्हणजे चूक त्यांचीच. पण थांबा. तेव्हाच्या जॉर्जियात विमा काढणं सक्तीचं नव्हतं. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या तरतुदीनुसार थर्ड पार्टी विमा १९४६ पासून सक्तीचा आहे, म्हणून आपल्याला हे विचित्र वाटतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यानं १९२७ मध्ये सक्ती केली, पण बाकीच्या बऱ्याच राज्यांनी मधला रस्ता काढला. विम्याशिवाय चालवायचं तर चालवा. पण अपघात झाला, की भरपाई द्यायची ऐपत आहे हे दाखवा. दाखवता आली नाही, तर लायसन्स जमा.

जॉर्जियाच्या खात्यानं बेल यांना कळवलं: अपघाताच्या वेळी विमा होता का? नव्हता? मग ५,००० डॉलर रोख जमा करा, किंवा तेवढ्याचा बाँड द्या, किंवा त्या कुटुंबाकडून नोटरी केलेलं पत्र आणा की आमचा काही दावा नाही. शिवाय पुढच्यासाठीही ऐपतीचा पुरावा द्या. यातलं काही जमत नसेल तर लायसन्सही निलंबित आणि गाडीची नोंदणीही.

बेल यांनी सुनावणी मागितली आणि ती मिळालीसुद्धा. ते गेले. त्यांना सांगायचं होतं एवढंच, की माझी चूक नव्हती. पण सुनावणी घेणाऱ्यांनी सांगितलं, चूक कोणाची हा इथे विषयच नाही. अपघातात तुमची गाडी होती का, विमा होता का, पैसे भरलेत का, एवढंच आम्ही बघतो. चुकीचा पुरावा घेतलाच नाही. पैसे भरायला ३० दिवस दिले आणि प्रकरण संपवलं.

मला इथे मामाची आठवण झाली. मामाला बोलायची सोय होती आणि तो गेला नाही. बेल गेले, आणि जे बोलायचं होतं तेच बोलू दिलं नाही. कोणाचं जास्त वाईट, सांगता येत नाही. बोलावतात पण ऐकत नाहीत, अशी सुनावणी आपल्यापैकी किती जणांनी शाळेत, ऑफिसात अनुभवली असेल!

बेल कोर्टात गेले. खालच्या कोर्टानं त्यांची बाजू घेतली: यांच्याविरुद्ध भरपाईचा दावा दाखल होईपर्यंत लायसन्स काढू नका. वरच्या कोर्टानं ते उलटवलं. त्यांचं म्हणणं, या कायद्यापुरतं दोषी की निर्दोष याला काही महत्त्व नाही. आणि लायसन्स गेल्यावर तीन वस्त्यांवर कसं पोचायचं, ही अडचणही गैरलागूच. राज्याच्या सर्वोच्च कोर्टानं प्रकरण हातात घ्यायलाच नकार दिला. मग ते वॉशिंग्टनला, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात पोचलं. नाव पडलं 'बेल विरुद्ध बर्सन'. बर्सन हे त्या खात्याचे संचालक.

आता जरा थांबून हे बघू, की खेड्यातला एक धर्मोपदेशक, ज्याच्या गाडीचा विमाही नव्हता, तो सुप्रीम कोर्टापर्यंत पोचला कसा? ही गोष्ट एरवी फारशी कोणी सांगत नाही, आणि मला तर तीच सगळ्यात रंजक वाटते. १९६० च्या दशकात अध्यक्ष जॉन्सन यांनी गरिबीविरुद्ध युद्ध पुकारलं होतं. त्यातच १९६५ पासून सरकारी पैशातून गरिबांसाठी वकिलांची कार्यालयं देशभर उघडली गेली. कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली पोरंपोरी तिथे कामाला लागली. घर खाली करायची नोटीस, बंद झालेली सरकारी मदत, दुकानदाराचं कर्ज, असली कामं. मोठ्या वकिलांनी ज्यांच्याकडे बघितलंही नसतं अशी. पण असल्याच 'किरकोळ' कामांतून त्या काळात मोठमोठे निकाल आले. १९७० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की गरिबाची सरकारी मदत बंद करण्याआधी त्याचं ऐकून घ्यायलाच हवं. त्या निकालाचं नाव 'गोल्डबर्ग विरुद्ध केली', आणि तो लिहिला न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांनी. हे नाव लक्षात ठेवा.

बेल यांच्या बाजूनं उभ्या राहिल्या एलिझाबेथ रिंडस्कॉफ. १९६८ मध्ये कायद्याची पदवी घेऊन अटलांटात गरिबांच्या वकिलीपासून त्यांनी सुरुवात केली होती. म्हणजे वकील होऊन जेमतेम तीन वर्षं! आणि जॉर्जिया राज्याच्या बाजूनं कोण? डॉरथी बीझली. १९७१ मध्ये, जेव्हा नऊच्या नऊ न्यायाधीश पुरुष होते, तेव्हा या लायसन्सच्या भांडणात दोन्हीकडून बाजू मांडणाऱ्या बायका होत्या. पुढे बीझली जॉर्जियाच्या अपील कोर्टात न्यायाधीश झाल्या. आणि रिंडस्कॉफ? त्या आधी एनएसए आणि मग सीआयए या गुप्तचर संस्थांच्या मुख्य वकील झाल्या. सरकारला 'आधी ऐकून घ्या' सांगणारी बाई पुढे सरकारच्या सगळ्यात गुपचूप खात्यांना कायदा सांगत होती. आयुष्य कुठे नेईल काही सांगता येत नाही.

तर, २४ मे १९७१ ला निकाल आला. लिहिला ब्रेनन यांनीच.

जॉर्जियाचं म्हणणं जुनंच होतं, जे जगभरची सरकारं म्हणतात: लायसन्स म्हणजे हक्क नाही, ती आम्ही दिलेली सवलत आहे. आम्ही दिली, आम्ही काढली. ब्रेनन यांनी हा मुद्दाच बाजूला सारला. हक्क म्हणा नाहीतर सवलत म्हणा, नावानं फरक पडत नाही. एकदा लायसन्स दिलं की माणूस त्याच्यावर पोट भरायला लागतो. मग ते काढून घेणं म्हणजे त्याच्या महत्त्वाच्या हिताला हात घालणं. अमेरिकेच्या राज्यघटनेची चौदावी दुरुस्ती सांगते, की रीतसर प्रक्रियेशिवाय राज्यानं कोणाचं आयुष्य, स्वातंत्र्य, मालमत्ता हिरावून घ्यायची नाही. ती दुरुस्ती १८६८ ची, यादवी युद्धानंतरची. तेव्हा मोटारगाडीच नव्हती! शंभराहून जास्त वर्षांनी ती एका गाडीच्या लायसन्सला लागू पडली.

मग त्यांनी जॉर्जियाचा कायदाच जॉर्जियावर उलटवला. तुमचा कायदा म्हणतो ना, की कोर्टात चालकाची जबाबदारी नाही असं ठरलं तर निलंबन उठतं? म्हणजे जबाबदारी कोणाची हा तुमच्याच कायद्याचा गाभा झाला. मग लायसन्स काढायच्या आधीच्या सुनावणीत नेमकी तीच गोष्ट कशी वगळता? पूर्ण खटला चालवा असंही कोर्ट म्हणालं नाही. या माणसाविरुद्ध भरपाईचा निकाल लागण्याची बऱ्यापैकी शक्यता आहे का, एवढं तरी आधी बघा म्हणाले. निकालावर नऊही न्यायमूर्ती एका बाजूला होते. तिघांनी मात्र ब्रेनन यांच्या कारणमीमांसेला हात न लावता फक्त निकालाला संमती दिली.

इथे एपिसोड संपवला असता तर छान वाटलं असतं. पण पुढे काय झालं तेही ऐका.

सहाच वर्षांनी, १९७७ मध्ये, इलिनॉय राज्यातल्या एका ट्रक ड्रायव्हरचं प्रकरण त्याच कोर्टात आलं. त्याच्यावर वेगाचे वगैरे गुन्हे पुन्हा पुन्हा शाबीत झाले होते आणि सुनावणीआधीच लायसन्स रद्द झालं होतं. बेलच्या निकालाचा आधार घेतला, पण हरला. कोर्ट म्हणालं, गुन्हे शाबीत झाले हे तो नाकारतच नाही. शिवाय रस्त्यावर इतरांचा जीव आहे, तेव्हा सुनावणी नंतर झाली तरी चालेल. मग १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका प्रकरणात, दारू तपासायला तोंडानं फुंकायला नकार दिला म्हणून ताबडतोब लायसन्स काढणंही पाच विरुद्ध चार मतांनी चालवून घेतलं. खरं सांगू? या दोन निकालांवर मला फारसा राग येत नाही. दारू पिऊन चालवणाऱ्याला 'आधी सुनावणी, तोवर चालवा' म्हणायचं, तर रस्त्यावर आपण चालायचं कसं?

मला राग येतो तो तिसऱ्या प्रकारावर. पुढे अमेरिकेत बऱ्याच राज्यांनी लायसन्सचा वापर उधारी वसूल करायला सुरू केला. कोर्टाचा दंड भरला नाही? लायसन्स बंद. आता तिथे गाडीशिवाय कामावर जाता येत नाही. कामावर नाही तर पगार नाही. पगार नाही तर दंड कुठून भरणार? मग माणूस लायसन्सशिवाय गाडी काढतो, पकडला जातो, आणि नवा दंड. व्हर्जिनिया राज्यात असं लाखो लोकांचं झालं होतं. पैसे होते पण भरले नाहीत, की नव्हतेच, हे विचारलंच जात नव्हतं. म्हणजे बेल यांच्यासारखंच, नेमका प्रश्न सोडून बाकी सगळं.

२०१६ मध्ये गरिबांसाठी काम करणाऱ्या वकिलांनी तिथे सामुदायिक दावा लावला. डिसेंबर २०१८ मध्ये न्यायाधीशांनी दावा लावणाऱ्यांच्या बाजूनं तात्पुरता मनाई हुकूम दिला, ऐपत न विचारता लायसन्स बंद ठेवता येणार नाही म्हणून. अंतिम निकाल लागायच्या आतच विधिमंडळानं कायदा बदलला, लोकांची लायसन्सं सुटली. जिंकले ना? मग वकिलांनी कायद्याप्रमाणे राज्याकडे आपली फी मागितली. हे भांडण थेट सुप्रीम कोर्टात गेलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कोर्टानं सात विरुद्ध दोन मतांनी सांगितलं: तात्पुरता हुकूम म्हणजे जिंकणं नव्हे, फी मिळणार नाही. आता असं प्रकरण घेताना वकिलानं विचार करायचा, की आपण जिंकत आलो की सरकार कायदा बदलणार आणि आपल्या हातात शून्य.

बरं, आपल्याकडे काय? कागदावर आपली स्थिती बेल यांच्यापेक्षा बरी आहे, हे मला शोधतानाच कळलं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १९ वाचा. लायसन्स निलंबित किंवा रद्द करण्याआधी धारकाला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यायची, हे त्यातच लिहिलंय. कारणंही लेखी नोंदवायची. आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर काही गुन्ह्यांत पोलीस लायसन्स जप्त करून परवाना अधिकाऱ्याकडे पाठवू शकतात, पण तिथेही अधिकाऱ्यानं आधी ऐकायचं आणि मगच ठरवायचं. पहिल्या वेळी निलंबन तीन महिन्यांचं, आणि ते संपल्यावर उजळणी प्रशिक्षण पूर्ण केल्यावरच लायसन्स परत. पोलीस जप्त करू शकतात, निलंबित करू शकत नाहीत, हे २०२२ मध्ये कलकत्ता हायकोर्टानं स्पष्ट केलं. तिथे एका महिलेचं लायसन्स वेगमर्यादा ओलांडली म्हणून पोलीस अधिकाऱ्यानंच ९० दिवसांसाठी निलंबित केलं होतं.

आणि हे 'आधी ऐका' आपल्याकडे फक्त लायसन्सपुरतं नाही. १९७७ मध्ये मनेका गांधींचा पासपोर्ट कारण न सांगता जमा करून घेतला गेला. त्यावर जानेवारी १९७८ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं जो निकाल दिला, तो आज कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या मुलांनाही पाठ असतो.

मग मामाचं काय चुकलं? मालवाहू गाडीत माणसं बसवणं, मोबाईलवर बोलणं, सिग्नल तोडणं, वेग, जादा माल, दारू, या गोष्टींसाठी किमान तीन महिने लायसन्स निलंबित करा, असं सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीनं २०१५ मध्ये राज्यांना सांगितलं. नियम चांगल्यासाठीच आहे. अशा गाड्या उलटून माणसं गेलेली आपण दरवर्षी पेपरात वाचतो. मामा गेला असता, पावसाचं सांगितलं असतं, बायकांची नावं दिली असती, इतक्या वर्षांत एकही अपघात नाही हे सांगितलं असतं, तरी लायसन्स गेलंच असतं कदाचित. पण निदान कोणीतरी विचारलं असतं आणि त्यानं सांगितलं असतं. आता त्याच्या फाइलवर एवढंच आहे, की धारक गैरहजर.

आणि जाताना तो एकटाच जायला हवा होता असंही नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात मोफत कायदेशीर मदत फक्त कोर्टातल्या खटल्यांपुरती नाही. न्यायनिवाड्यासारखं काम करणारा कोणताही अधिकारी त्यात येतो, आणि नुसता सल्लाही येतो. कलम १२ मध्ये पात्र लोकांची यादी आहे: महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणारे. प्रत्येक जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, आणि हेल्पलाइन आहे १५१००. मला हे सगळं लायसन्स गेल्यावर कळलं. नोटिशीचा फोटो माझ्या फोनमध्ये होता तेव्हा नाही. तो फोटो अजून आहे, खाली माझ्या अंगठ्यासकट.

लायसन्स परत आल्यावर मी गावी गेलो होतो. रात्री जेवताना मामाला बेल यांची सगळी गोष्ट सांगितली. सायकल, पाच हजार डॉलर, ती तीन वर्षांची वकीलबाई, नऊ न्यायाधीश. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाला, "विमा काढला असता तर एवढं रामायण झालंच नसतं."

मी हसलो. मग त्याला सांगितलं, की ब्रेनन साहेबांनीही निकालपत्रात तेच सुचवलंय: राज्याला हवं तर विमा नसलेल्या सगळ्यांनाच गाडी चालवायला बंदी करावी. आणि थोड्याच वर्षांत जॉर्जियानं विमा सक्तीचा केलाही.

"बघ," मामा म्हणाला, "मग एवढ्या लांब जायचं काय काम होतं?" आणि मामीला म्हणाला, "ती कॅलेंडरमागची नोटीस काढून ह्याच्याकडे दे. ह्याला इतिहासाची आवड आहे."